विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या भारतीयाला तिथल्या राज्यघटनेचे संरक्षण मिळते का?

आपला मुलगा एमएस करण्यासाठी अमेरिकेला निघाला आहे आणि ‘व्हिसावर गेलेल्याला तिथे कसलेच हक्क नसतात, तोंड मिटून राहायचे’ असे नात्यातल्या कुणीतरी आपल्याला सांगितले आहे. ते कितपत खरे, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे घटनात्मक कायदा शिकवला आहे, त्या आधारे सांगतो. हे विधान बऱ्याच अंशी चुकीचे आहे, परंतु त्यात जो थोडा खरा भाग आहे तोच मुलाला अधिक उपयोगी पडेल.

आपल्या राज्यघटनेतील अनुच्छेद 14 आणि 21 कोणत्याही ‘व्यक्ती’ला संरक्षण देतात, तर भाषणस्वातंत्र्याचा अनुच्छेद 19 केवळ ‘नागरिकां’साठी आहे, त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अनुच्छेद 19 चा आधार घेता येत नाही. अमेरिकेत मांडणी निराळी आहे. पहिली घटनादुरुस्ती भाषणस्वातंत्र्य कोणाला आहे हे सांगतच नाही. त्याचा संकोच करणारा कायदा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, करू नये, असे ती थेट सरकारला बजावते. पाचवी आणि चौदावी घटनादुरुस्ती ‘व्यक्ती’ हाच शब्द वापरते. मतदानाचा हक्क मात्र नागरिकांचा आहे.

या ‘व्यक्ती’ शब्दाला वजन आले ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या धोब्यांमुळे. तिथे 1880 मध्ये असा नियम झाला की लाकडी इमारतीत कपडे धुण्याचा व्यवसाय करायचा असेल तर नगर मंडळाची परवानगी हवी. शहरात अशा सुमारे 320 लाँड्र्या होत्या, त्यांतल्या सुमारे 310 लाकडी इमारतींत होत्या आणि 240 च्या आसपास चिनी लोकांच्या होत्या. नियमात चिनी माणसांचा उल्लेखही नव्हता. पण अर्ज केलेल्या सुमारे 200 चिनी व्यावसायिकांना नकार मिळाला आणि बाकीच्या जवळजवळ सगळ्यांना परवानगी मिळाली. ज्याचा खटला ‘यिक वो विरुद्ध हॉपकिन्स’ या नावाने वर गेला तो धोबी 22 वर्षे त्याच जागी काम करत होता आणि अग्निशमन व आरोग्य अधिकाऱ्यांचे दाखले त्याच्याकडे होते. दहा डॉलर दंड न भरल्याबद्दल त्याला तुरुंगात टाकले होते. 1886 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली आणि चौदाव्या घटनादुरुस्तीचे संरक्षण नागरिकांपुरते मर्यादित नाही, असे स्पष्टपणे सांगितले. चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा त्याआधी चारच वर्षे झालेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निकालाचे मोल कळते.

आता खरा भाग. 1893 मध्ये त्याच न्यायालयाने ठरवले की परदेशी माणसाला हद्दपार करणे ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, म्हणून फौजदारी आरोपीला मिळणारे हक्क तिथे लागू होत नाहीत. तीन वर्षांनी, ‘वाँग विंग’ खटल्यात, त्याची दुसरी बाजू मांडली गेली: हद्दपार करा, पण त्याला सक्तमजुरीवर पाठवायचे असेल तर रीतसर खटला आणि ज्युरी हवीच. आजचा बहुतेक सगळा गोंधळ या दोन निकालांच्या मधल्या फटीत आहे. फौजदारी न्यायालयात उभ्या राहिलेल्या आपल्या मुलाला नागरिकाइतकेच संरक्षण आहे: गप्प राहण्याचा हक्क, ज्युरी, आणि तुरुंगवासाची शक्यता असून पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील. इमिग्रेशन न्यायालयात म्हणणे मांडण्याची संधी मिळते, वकीलही आणता येतो. मात्र तो स्वखर्चाने.

भाषणस्वातंत्र्यातही हीच फट दिसते. ऑस्ट्रेलियात जन्मलेला गोदी कामगारांचा पुढारी हॅरी ब्रिजेस याची हद्दपारी 1945 मध्ये रद्द करताना न्यायालयाने म्हटले की देशात राहणाऱ्या परकीयांनाही भाषणस्वातंत्र्य आहे. सातच वर्षांनी, पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य असलेल्या परकीयांची हद्दपारी याच न्यायालयाने कायम केली. त्यांतला एकजण वयाच्या तेराव्या वर्षी ग्रीसहून आलेला होता. 2025 मध्ये पॅलेस्टाईनविषयीच्या लिखाणावरून आणि आंदोलनांवरून काही परदेशी विद्यार्थ्यांना ताब्यात घेतले गेले तेव्हा दोन्ही बाजूंच्या वकिलांनी याच जुन्या निकालांचा आधार घेतला, आणि काही संघीय न्यायाधीशांनी त्या विद्यार्थ्यांना खटला चालू असताना सोडले. एखाद्या लेखासाठी मुलाला तुरुंगात टाकता येणार नाही, हे मी निश्चितपणे म्हणेन. त्याच लेखावरून व्हिसा रद्द करता येईल का, या प्रश्नाला मी तितक्याच खात्रीने ‘नाही’ म्हणणार नाही. तरीही तोंड मिटून राहण्याचा सल्ला मला पटत नाही. काय बोलायचे ते त्याने ठरवावे, फक्त ही जोखीम माहीत असताना ठरवावे.

झडतीबाबत थोडक्यात सांगतो. अटक झाल्यावरही पोलिसांना सर्वसाधारणपणे वॉरंटाशिवाय मोबाइल उघडून पाहता येत नाही, हा 2014 चा निकाल आहे. विमानतळावरील इमिग्रेशनच्या खिडकीपाशी मात्र झडतीचे अधिकार कितीतरी व्यापक असतात, आणि तिथे नागरिकाला परत पाठवता येत नाही, विद्यार्थ्याला येते. पोलिसांसमोर गप्प राहता येते. खोटे बोलणे हा मात्र वेगळा गुन्हा ठरू शकतो. अठरा वर्षांवरील परकीयाने आपल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, असे कायदा सांगतो.

मोठ्या राजकीय प्रकरणांपेक्षा दोन किरकोळ गोष्टींची मला अधिक काळजी वाटते. पहिली वाहनपरवान्याच्या कार्यालयात घडते. 1993 च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत त्याच खिडकीवर मतदार नोंदणीचाही अर्ज पुढे येतो, आणि घाईत ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ या चौकोनावर खूण केली तर तेवढ्यानेही हद्दपारी ओढवू शकते. दुसरी दुकानातल्या छोट्या चोरीच्या आरोपाची. सरकारी वकील ‘गुन्हा कबूल करा, थोडा दंड भरा आणि मोकळे व्हा’ असा प्रस्ताव ठेवतो, नागरिकासाठी तो बहुधा सोयीचाही असतो, पण परकीयासाठी तीच कबुली पुढे हद्दपारीचे कारण बनू शकते. अशा कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे आरोपीच्या वकिलाने त्याला सांगितलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या ‘पडिया विरुद्ध केंटकी’ खटल्यात ठरवले आहे. तेव्हा तशी वेळ आलीच तर मुलाने कशावरही सही करण्याआधी आपण व्हिसावर आहोत हे वकिलाला सांगावे आणि हा प्रश्न त्याला स्वतःहून विचारावा.