किती मागे राहायचं?

मी रावेर तालुक्यातला केळीवाला. शेताची थ्री-फेज लाईट रात्रपाळीची असली की मोटर सुरू होईस्तोवर जागावं लागतं. त्या जागरणात पुतण्याने 'वर्ल्ड ऑफ टँक्स' हा रणगाड्यांच्या लढाईचा ऑनलाइन खेळ लावून दिला आणि तेव्हापासून तो सुटला नाही. या अंकासाठी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्यालाच जास्त जागा दिली, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : टी-३४-८५ हा रशियन टँक घेऊन दोन महिने झाले. पुढे गेलो की पहिल्या तीन मिनिटांत उडतो. मित्र म्हणतात, हा सपोर्टचा मीडियम, म्हणजे मध्यम वजनाचा टँक आहे, मागे राहा. मागे राहिलो तर सगळे मरतात आणि शेवटी मी एकटा उरतो, समोर पाच जण. किती मागे राहायचं? (कॉलेज विद्यार्थी, शहादा)

उत्तर : भो, माझंही असंच झालं होतं. हिमेल्सडॉर्फ नावाचा जर्मन शहराचा नकाशा आहे ना, त्यात एक वाकडा रस्ता आहे. जगभरचे खेळाडू त्याला 'बनाना' म्हणतात. म्हटलं आपलाच माल, आणि गेलो तिकडे. पुढे आमचा केव्ही-१, म्हणजे हेवी, जड टँक, उभा होता. त्याच्या बुडाला चिकटून थांबलो, याच्याआड मला कोण मारतो! त्याने गोळा मारला, तोफ भरेस्तोवर आड व्हायला मागे सरकला आणि धाडकन माझ्यावर आदळला. ना त्याला मागे येता येईना, ना मला वळता येईना. समोरच्यांनी त्याच्यात लागोपाठ गोळे घातले. तो गेला, पाठोपाठ मी गेलो. चॅटमधे त्याने मला काय लिहिलं ते संपादक छापणार नाहीत.

केळीला घड लागला की टेकू देतो आपण. तो खोडाला खेटून सरळ उभा करत नाही. झाड ज्या बाजूला झुकतंय त्या बाजूने, पाय लांब रोवून, तिरपा लावतो. हेवीच्या मागे नेमकं तसंच उभं राहायचं. त्याची माघारीची वाट मोकळी ठेवायची, एखादं घर सोडून बाजूला थांबायचं, आणि तो ज्याच्याशी भिडलाय तो तुला तिरका दिसला पाहिजे. मी अंतर मीटरात मोजत नाही. हेवीवर गोळा पडला की पाच-सात सेकंदांत मला तिथे मारा करता आला पाहिजे, एवढंच बघतो. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर तू मागे नाहीस, घरी आहेस.

बाहेर कधी यायचं? समोरच्याचा गोळा सुटल्यावर. त्याची तोफ भरेपर्यंतचा वेळ तुझा. ये, मार, आत जा. तुझ्या हलचं, म्हणजे टँकच्या धडाचं, पुढचं चिलखत तिरपं असलं तरी ४५ मिलिमीटरचंच आहे. भरलेल्या तोफेसमोर मिरवायला ते केलेलं नाही. तू तीन मिनिटांत उडतोस त्याचं कारण पुढे जाणं नाही, सगळ्यांत आधी जाणं आहे.

आणि मारायचं कुठे? कोपऱ्यावरून निघणाऱ्या टँकचं सगळ्यांत आधी ट्रॅकचं पुढचं चाक दिसतं. त्या चाकावर नेम धर. ट्रॅक तुटला की गडी अर्धा बाहेर, अर्धा आत, तिथेच खिळतो. गोळा चाकातून हलपर्यंत पोचला तर नुकसानही होतं. त्याने रिपेअर किट वापरलं तर ते पुन्हा मिळायला त्याला ९० सेकंद लागतात, म्हणून पहिला ट्रॅक जोडला गेला तरी हिरमुसू नकोस, दुसरा तोड. तो खिळलेला असताना तुझ्या टीमने जेवढं झोडपलं, ते तुझ्या नावावर मदत म्हणून धरलं जातं आणि त्याचे अनुभवाचे गुण मिळतात. पोरं फक्त किती मारले ते मोजतात. लढाई संपल्यावर निकालात मदतीचा आकडा बघत जा.

मोकळ्या नकाशावर, म्हणजे प्रोखोरोव्हकासारख्या, गणित बदलतं. तिथे झुडपांवर भागतं. झुडपाच्या तोंडाशी उभा राहून मारलंस तर १५ मीटरच्या आतलं झुडूप त्या क्षणी तुला फारसं लपवत नाही. म्हणून शत्रू दुसऱ्या कोणाच्या नजरेत असेल तेव्हा थोडा मागे सरक. आरपार दिसणारं झुडूप पुन्हा दाट दिसायला लागलं की थांब आणि तिथून मार. कितीही चांगली दुर्बीण लावली तरी ४४५ मीटरपलीकडचं तुझं तुला शोधता येत नाही, आणि ५० मीटरच्या आत आलेला भिंतीआडूनही दिसतो. शत्रूला दिसल्याचं सांगणारा दिवा पडद्यावर पेटला म्हणजे तू साधारण तीन सेकंदांपूर्वीच दिसलायस. विचार करत बसू नकोस, जागा सोड.

आता थोडं इतिहासाचं, कारण तुझ्या टँकचं खरं दुखणं तिथे आहे. १९४० च्या मूळ टी-३४ मधे चौघंच बसायचे. टुरेटमधे, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, दोघं, त्यातही कमांडरलाच नेम धरून तोफ डागावी लागायची. दुर्बिणीला डोळा लावला की आजूबाजूला काय चाललंय याचा त्याला पत्ता नसे. १९४४ मधे ८५ मिलिमीटरची तोफ आली तेव्हा टुरेट मोठा केला, तिघं बसवले आणि कमांडर बघायला मोकळा झाला. खेळात तू एकटाच पाचही जण आहेस, आणि पत्र वाचून वाटतं की तू नुसता गनर, म्हणजे तोफेचा नेम धरणारा, झालायस. गोळा सुटला की तोफ भरेपर्यंत नेमाकडे बघायचं काही कारण नाही. तेवढा वेळ कोपऱ्यातला छोटा नकाशा बघ. आपली कुठली बाजू पातळ झाली, कोण एकटा पडला, हे तुला तिथेच दिसेल. शेवटी एकटा उरतोस तो त्या क्षणाला नाही, चार मिनिटं आधी ठरलेलं असतं.

राहिलं तुझ्या हिटपॉइंटचं, म्हणजे टँकमधे उरलेल्या जिवाचं. ते टीमचे आहेत. पुढचा हेवी एका गोळ्यावर आला आणि तू पूर्ण भरलेला असशील तर एक गोळा तू घे. त्याची तोफ तेवढीच अजून चालते. पूर्ण हिटपॉइंट घेऊन पाच जणांसमोर एकटा उभा राहिलास तर ते तसेही जाणारच आहेत.

प्रश्न : एम४ शर्मनवर ७६ मिलिमीटरची तोफ लावू की १०५ ची? (रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : सपोर्ट करायचा असेल तर ७६. ती पटापट भरते, ट्रॅक तोडायला हाताशी असते, लांबचा नेमही बरा धरते. १०५ ही हॉवित्झर आहे, गोळा संथ आणि वाकडा जातो, नेमाचं वर्तुळ परातीएवढं, आणि एकदा हुकली की भरेपर्यंत चहा होतो. खऱ्या अमेरिकन फौजेतही १०५ ची हॉवित्झर बसवलेले शर्मन होते, पण त्यांचं काम पायदळासाठी ठाणी फोडायचं होतं, पळत्या टँकचा नेम धरायचं नाही. गल्लीबोळात, एकदाच डोकं काढून एकच दणका द्यायचा असेल तिथे मात्र १०५ ची मजा दुसऱ्या कशात नाही. व्यापाऱ्याने भाव पाडला त्या रात्री मी तीच लावतो.

एकच गोळा कधी जास्त, कधी कमी का लागतो असंही तुम्ही विचारलंय. लिहिलेल्या आकड्याच्या २५ टक्के खाली-वर होतं. १६० लिहिलं असेल तर १२० ते २०० मधलं काहीही मिळेल. त्यात तुमची चूक नाही.

प्रश्न : मुलगा 'सोन्याचे गोळे' घ्यायला पैसे मागतो. द्यावेत का? (गृहिणी, चोपडा)

उत्तर : ताई, देऊ नका. सोन्याचे गोळे हे खेळातल्या खास गोळ्यांचं जुनं नाव आहे. बऱ्याच वर्षांपासून ते खेळातल्या चांदीवर, म्हणजे खेळातल्याच पैशावर, मिळतात आणि चांदी खेळूनच मिळते. हे गोळे महाग पडतात, म्हणून पोरांची चांदी संपते आणि मग आई आठवते. त्याला सांगा, टियर ५ चा, म्हणजे पाचव्या पायरीचा, टँक काढ आणि साधे गोळे घालून चांदी कमव. तो कितवीला आहे ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही.