दुपारी कोणी हात लावत नसताना घरचा कॉम्प्युटर एवढा का राबतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मडगावात घरी विंडोज १० चा डेस्कटॉप आहे. दुपारी जेवून तुम्ही आडवे होता तेव्हा तो चालूच असतो. पंधरा-वीस मिनिटांत त्याचा पंखा घोंघावायला लागतो, आणि उठून माउस हलवला की आवाज बसतो. टास्क मॅनेजर (कुठला प्रोग्राम किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला तर क्षणभर प्रोसेसरचा वापर ७०-८० टक्के दिसतो आणि वरचं नाव वाचायच्या आत आकडा ३-४ वर येतो. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा, आणि तुम्हाला फोटोंची काळजी लागली आहे.

फॉरमॅट आज करू नका. मी फोंड्याजवळच्या एका हायस्कुलात कॉम्प्युटर लॅब सांभाळते, आणि नेमकं हेच दुखणं माझ्या घरच्या मशीनवरही निस्तरलं आहे. तुम्ही सांगितलेल्या लक्षणाचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. एक निरुपद्रवी, दुसरा चांगलाच घातक. दोन्हीत माउस हलवल्यावर सगळं शांत होतं, म्हणून माणूस फसतो.

निरुपद्रवी अर्थ आधी सांगते, कारण बहुतेक वेळा तोच निघतो. विंडोज स्वतःची घरकामं मशीन मोकळं असताना उरकतं. अपडेट बसवणं, फायलींची शोधसूची तयार करणं, व्हायरस तपासणी, डिस्कची आवराआवर, हे सगळं त्यात आलं. या स्वयंचलित देखभालीची ठरलेली वेळ पहाटे २ ची असते. पण आपल्याकडे पहाटे २ ला घरचा कॉम्प्युटर चालू ठेवतो कोण? पावसाळ्यात विजा कडाडतात म्हणून आपण रात्री प्लगसुद्धा काढून ठेवतो. मग राहून गेलेलं काम विंडोज पुढच्या मोकळ्या वेळी करतं, आणि गोव्यातल्या घरात हमखास मोकळी वेळ म्हणजे दुपारी एक ते चार. बाजार बंद, माणसं झोपलेली, कीबोर्डला हात नाही. तुम्ही माउस हलवलात की देखभाल बाजूला होते, कारण ती तशीच बांधलेली आहे.

घातक अर्थ म्हणजे मायनर. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गुपचूप मोनेरोसारखं आभासी चलन (क्रिप्टोकरन्सी) खणणारा प्रोग्राम. असे काही प्रोग्राम माउस हलला किंवा टास्क मॅनेजर उघडला की काम थांबवतात किंवा स्वतःला बंदच करून घेतात, म्हणजे तुम्हाला दिसायला काही उरत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायची किल्ली इथेच आहे. देखभाल थांबते ती माणसाचा हात लागल्यामुळे. टास्क मॅनेजर उघडा आहे की बंद, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. असा मायनर टास्क मॅनेजरलाही टाळतो. म्हणून उद्या दुपारी टास्क मॅनेजर उघडा आणि तसाच उघडा ठेवून झोपायला जा. मशीन स्लीपमध्ये जाणार नाही एवढं बघा. टास्क मॅनेजरची खिडकी उघडी असूनही पंखा वीस मिनिटांनी नेहमीसारखा सुरू झाला, तर पारडं देखभालीकडे झुकतं. सलग दोन-तीन दुपारी टास्क मॅनेजर उघडा असताना मशीन गप्प आणि बंद असताना गर्जना, असं झालं तर कोणीतरी नजर चुकवतंय असं समजा.

खिडकी उघडी ठेवण्याआधी आणखी एक गोष्ट करा. टक्क्यांचा रकाना त्या क्षणाचा असतो, तुम्ही खोलीत येईपर्यंत तो पुसला जातो. डिटेल्स टॅबवर जा, रकान्यांच्या नावावर उजवं क्लिक करून सिलेक्ट कॉलम्समधून ‘सीपीयू टाइम’ निवडा. या रकान्यात प्रत्येक प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) सुरू झाल्यापासून प्रोसेसरचा किती वेळ वापरला ते तास-मिनिटं-सेकंदांत साठत जातं. झोपण्याआधी मोबाइलवर फोटो काढा (टास्क मॅनेजर बंद ठेवायच्या दुपारीसुद्धा), उठल्यावर त्या रकान्यानुसार लावून दुसरा काढा. दोन फोटोंत ज्याचा आकडा सर्वांत वाढला तो तुमचा माणूस.

वर ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’चा भलामोठा आकडा दिसेल. त्याला घाबरू नका, तो प्रोसेसर रिकामा बसल्याचा वेळ आहे. दुसरं म्हणजे हा हिशोब सगळ्या कोअरची (प्रोसेसरच्या आतल्या, एकाच वेळी काम करणाऱ्या भागांची) बेरीज करून येतो. चार कोअरच्या मशीनवर एक तास सगळे कोअर राबले तर चार तास दिसतात.

हे मला माझ्याच घरात कळलं. गेल्या मे महिन्यात दुपारी वीज गेली की आमचा इन्व्हर्टर नेहमीच्या निम्म्या वेळातच ओरडायला लागायचा. बॅटरी म्हातारी झाली असं आम्ही धरून चाललो होतो. मग एका दुपारी दीड वाजता फोटो काढून, टास्क मॅनेजर बंद करून मी आडवी झाले आणि तीनला उठून दुसरा काढला. चार कोअरचं मशीन, दीड तासाची झोप, आणि एका नावासमोर पाच तास चाळीस मिनिटं वाढलेली! म्हणजे जवळजवळ चारही कोअर पूर्ण वेळ त्यानेच वापरले होते. नाव ‘सर्व्हिस होस्ट’ या विंडोजच्याच प्रोग्रामसारखं, एका अक्षराचा फरक. उजवं क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ केलं. खरा सर्व्हिस होस्ट विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात असतो. हा निघाला माझ्या मुलाच्या ॲपडेटाच्या (त्याच्या खात्यातल्या प्रोग्रामांचा डेटा राहतो त्या) फोल्डरात. गावच्या जत्रेतल्या नाटकाचं चित्रीकरण संपादित करायला त्याने व्हिडिओचं सॉफ्टवेअर क्रॅक करून बसवलं होतं, आणि पाहुणा त्याच्याबरोबर आला होता. मुलावर रागावून उपयोग नव्हता. पैसे नसलेला पंधरा वर्षांचा मुलगा दुसरं काय करणार? त्याला मोफत आणि कायदेशीर असं दुसरं सॉफ्टवेअर शोधून दिलं.

तुमच्याकडे असलं काही सापडलं तर आधी इंटरनेटची केबल काढा. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, .ईएक्सई फायली, म्हणजे प्रोग्राम, मात्र घेऊ नका. विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन आहे. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच ते तपासतं, साधारण पंधरा मिनिटं लागतात. ते केल्यावरही मी विंडोज नव्याने बसवते, कारण मायनर आत आला त्या दाराने आणखी काय आलं हे सांगता येत नाही. इथे दुकानदाराचं म्हणणं मला मान्य आहे, फक्त कारण सापडल्यावर. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला, त्यात आळस नको.

रकान्यात ओळखीची नावं वर आली, तर काळजी बरीच कमी. डिस्क्रिप्शनच्या रकान्यात ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे डिफेंडरची तपासणी, ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ म्हणजे अपडेट, ‘विंडोज सर्च इंडेक्सर’ म्हणजे शोधसूची. चवथीचे हजारभर फोटो नुकतेच मशीनवर टाकले असतील तर इंडेक्सर काही वेळ राबणारच. मग कंट्रोल पॅनेलमधल्या सिक्युरिटी अँड मेंटेनन्समध्ये जाऊन ‘स्टार्ट मेंटेनन्स’ हाताने दाबा आणि तास-दोन तास मशीनला हात लावू नका. त्यानंतरच्या दुपारी पंखा गप्प राहिला तर कोडं सुटलं. तिथेच देखभालीची वेळही बदलता येते. घरातली मंडळी जेवायला बसतात ती रात्री ९ ची वेळ मी लावली आहे, मशीन तेव्हा चालू असतं आणि कोणाला नको असतं.

डिफेंडर किंवा अपडेटची सर्व्हिस कायमची बंद करा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो ऐकू नका. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, अशा मशीनवरून उरलेली राखण काढून घेणं मला धोक्याचं वाटतं.

‘सिस्टिम इंटरप्ट्स’ (हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणाऱ्या हाका) सतत काही टक्क्यांच्या वर राहिलं तर दोष हार्डवेअरचा किंवा ड्रायव्हरचा असण्याची शक्यता जास्त. यूएसबीला लावलेलं एकेक काढून बघा. आमच्या लॅबमध्ये पावसाळ्यानंतर एका यूएसबी हबच्या (अनेक वायरी जोडायच्या डबीच्या) पिना गंजल्या होत्या, तो काढला आणि मशीन शांत झालं. ब्राउझरच वर असेल तर त्याच्या आत शिफ्ट आणि एस्केप दाबा, क्रोम आणि एज दोन्हींत कुठला टॅब खातोय ते दिसतं.

पंखा ओरडतोय पण रकान्यात कोणाचाच आकडा फारसा वाढला नाही, असंही होऊ शकतं. मग मशीन उघडून हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा भाग) बघा. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्याकडून येणाऱ्या कॉम्प्युटरांत मला तांबड्या धुळीची गादी जमलेली दिसते, आणि तिच्यामुळे थोड्याशा कामालाही पंखा जोरात फिरतो. धूळ झाडताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

दोन्ही फोटोंतली वरची चार-पाच नावं, त्यांचे तास आणि फाइल कुठल्या फोल्डरात आहे तेवढं इथे लिहा. नाव वाचून नाही कळलं तरी फोल्डरवरून बरंच सांगता येईल.