तांबं आणि अॅल्युमिनियमचा जोड टिकेल कसा?

प्रश्न : बॅटरीच्या जोडणीत तांब्याची आणि अॅल्युमिनियमची पट्टी जोडावी लागते. नेहमीचं वेल्डिंग केलं की जोड तडकतो. विद्युतचुंबकीय बळाने दोन वेगळे धातू जोडता येतात असं कळलं. पण या दोन्ही धातूंना चुंबक चिकटतच नाही, मग हे जमतं कसं?

उत्तर : चुंबक चिकटत नाही म्हणून काही अडत नाही. इथे आकर्षण नाही, दूर ढकलणं कामाला येतं आणि त्यासाठी धातूतून वीज चांगली वाहिली की पुरे.

कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका दमात कॉइलमध्ये सोडतात. लाखो अँपिअरचा झटका, तोही काही मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत मोजावा इतका छोटा. त्याने शेजारच्या पट्टीत उलट्या दिशेचा प्रवाह निर्माण होतो आणि दोघं एकमेकांना लोटतात. कॉइल जखडलेली असते, त्यामुळे पट्टीच उडते आणि सेकंदाला काही शे मीटरच्या वेगाने दुसऱ्या पट्टीवर आदळते.

तुमचा जोड तडकतो तो वितळवल्यामुळे. तांबं आणि अॅल्युमिनियमचा रस एकत्र आला की ठिसूळ संयुगांचा थर तयार होतो. या पद्धतीत धातू जवळजवळ वितळतच नाही, म्हणून तो थर अगदी पातळ राहतो.

सगळी किमया आहे ती दोन पट्ट्यांमधल्या फटीत. नवीन माणूस पट्ट्या घट्ट दाबून बसवतो, आणि तिथेच काम फसतं. साधारण एक-दोन मिलिमीटर मोकळे ठेवले नाहीत तर वेग येणार कुठून? शिवाय टक्कर तिरकी व्हायला हवी. तिरक्या टकरीत पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फवाऱ्यासारखा बाहेर फेकला जातो आणि कोरा धातू कोऱ्या धातूला भिडतो. असा जोड कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरा : सरळ रेषेऐवजी बहुतेकदा लाटा दिसतात. मला तरी ते दृश्य पाहून कधीच कंटाळा येत नाही. मात्र निकाल लाटांवर देऊ नका, पट्टी सोलून पाहा. अॅल्युमिनियम जोडाशेजारी फाटलं आणि जोड तसाच राहिला, तर काम पक्कं.

कॉइलच्या बाजूला अॅल्युमिनियम ठेवा. ते हलकं आणि वीजवाहकही चांगलं. पण फार पातळ नको. झटक्यातला प्रवाह पुढे-मागे हेलकावतो; ती गती १० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दहा हजार वेळा असेल, तर प्रवाह अॅल्युमिनियममध्ये सुमारे ०.८ मिलिमीटर खोलवर पसरतो; पट्टी त्याहून बरीच पातळ असेल तर चुंबकीय क्षेत्र आरपार जातं आणि धक्का कमी पडतो. उडणारा तुकडा स्टीलचा असेल, तर त्याच्यामागे अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पत्रा लावतात. खालच्या पट्टीला भक्कम आधार हवाच.

टोकाला टोक भिडवून हा जोड होत नाही, पट्ट्या एकावर एक याव्या लागतात. कॉइललाही तितकाच मार बसतो, त्यामुळे तिला तडे गेलेत का ते वरचेवर पाहा. ओल लागली की अॅल्युमिनियम गंजणार, तेव्हा जोडाच्या कडा सीलंटने बंद करा. आणि मशीन बंद केलं तरी कपॅसिटरमध्ये वीज राहते. तो डिस्चार्ज करून अर्थिंग केल्याशिवाय कृपा करून हात घालू नका.