मालवणला प्रवाळ पाहायला निघण्यापूर्वी

तुम्ही नाशिकहून पहिल्यांदाच मालवणला प्रवाळ पाहायला जात आहात, म्हणून काही गोष्टी आवर्जून सांगतो. प्रवाळ हा दगड नव्हे. ती अत्यंत लहान प्राण्यांची वसाहत असते आणि त्यांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर तयार केलेले अन्न त्यांना पुरवतात. पाणी दीर्घकाळ प्रमाणाबाहेर तापले की ही शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, परंतु उपाशी राहतो.

समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर असलेल्या प्रवाळभित्तींचा, म्हणजे अशा वसाहतींनी बनलेल्या खडकाळ रचनांचा, आधार सुमारे चतुर्थांश सागरी प्रजातींना लाभतो. त्यामुळे पाण्यात उतरल्यावर सगळीकडे फिरण्यापेक्षा एकाच वसाहतीपाशी थांबावे, असे माझे ठाम मत आहे. थोडा वेळ स्थिर राहिलात, की फटींत लपलेले छोटे मासे पुन्हा बाहेर येतात, आणि पोपट मासा खडकावरील शैवाल चोचीसारख्या दातांनी खरवडताना दिसला, तर त्याचा करकर आवाजही पाण्यात स्पष्ट ऐकू येतो.

तोवर नाशिकच्या जलतरण तलावात पाय खाली न टेकता तरंगण्याचा सराव मात्र नक्की करा, कारण पायातल्या फिनचा (पोहण्यासाठी घालायच्या पंखासारख्या पादत्राणाचा) एक फटका अनेक वर्षांची वाढ मोडू शकतो. प्रवाळाचा तुटलेला तुकडादेखील उचलू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, म्हणून हिवाळ्यात जा.