अंदमानची धावती टूर आधी झाली आहे. आता फक्त नील बेटावर निवांत राहायचं आहे. किती दिवस ठेवावेत आणि आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की मागच्या वेळी सहा दिवसांत सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील सगळं उरकलं आणि नीलला जेमतेम चार तास मिळाले. बहुतेक टूरमध्ये असंच होतं. या वेळी नीलवर सलग सहा रात्री ठेवा. (२०१८ पासून नीलचं सरकारी नाव शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजय पुरम. बोटीच्या तिकिटावर यातलं कुठलंही नाव दिसेल, घाबरू नका.)

सहाच का, तर भरती-ओहोटीमुळे. तारीख ठरवताना विमानाच्या भाड्याआधी घरातलं पंचांग उघडा. दशमीला पोचून प्रतिपदेला निघालात की दोन्ही प्रकारचं पाणी मिळतं. दशमी-एकादशीला भांगाची भरती असते. पाणी फारसं चढत-उतरत नाही, त्यामुळे नीलवरच्या भरतपूर किनाऱ्यावर पोहायला आणि स्नॉर्केलिंगला जास्त वेळ मिळतो. पुढे पौर्णिमा किंवा अमावास्येकडे उधाण वाढत जातं आणि ओहोटीला लक्ष्मणपूर २ या किनाऱ्यावरचा खडक पार उघडा पडतो. तिथल्या नैसर्गिक दगडी कमानीला (गावातले बंगाली लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात) ओहोटीतच जाता येतं.

मुंबईच्या मानाने तिथला चढउतार कमी, उधाणालासुद्धा साधारण दोन मीटर. पण तळ उथळ आणि सपाट असल्यामुळे तेवढ्यानेही फार फरक पडतो. भरतपूरला ओहोटीत दूरवर चालत गेलात तरी पाणी गुडघ्याएवढंच, आणि पायाखाली प्रवाळ. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास हीच पाण्यात उतरायची वेळ. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सहा दिवसांत पाचेक तासांनी. एकाच दिवसासाठी येणाऱ्याला वेळ जमली तर जमली. तुम्हाला कुठल्या ना कुठल्या दिवशी सकाळची भरती किंवा दुपारची ओहोटी मिळण्याची शक्यता बरीच जास्त. मात्र तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब तिथे लावू नका, चुकेल. पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता मोबाइलवर उतरवून घ्या, निघण्यापूर्वीच. चेन्नईहून येणारी समुद्राखालची केबल २०२० मध्ये सुरू झाली, ती हॅवलॉकला पोचली, पण जोडलेल्या बेटांच्या यादीत नील नव्हतं. नेटच्या भरवशावर पैसे देणंही नको. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच काढून न्या.

दुसरं घड्याळ सूर्याचं. नील इतकं पूर्वेला आहे की भारतीय वेळेच्या हिशोबात सूर्य तिथे चाळीसेक मिनिटं पुढे असतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त, एप्रिलमध्ये साडेपाचला. मुंबईच्या सवयीने 'सहाला निघू' म्हटलंत तर लक्ष्मणपूर १ वर फक्त अंधार सापडेल. त्यापेक्षा दिवसच मागे ओढा. पाचला (एप्रिलमध्ये चारला) उठून सायकलने सीतापूरच्या किनाऱ्यावर सूर्योदय, नऊच्या आत पोहणं आटपून बाराला जेवण, मग झोप. दिवसभराचे पर्यटक साधारण सकाळच्या बोटींनी येतात आणि दुपारी परततात. भरतपूरची जेट स्कीची घरघर त्याच वेळात असते, तेव्हा तुम्ही झोपलेले बरे.

गाडी ठरवू नका. जेट्टीपासून सीतापूर पाचेक किलोमीटर, लक्ष्मणपूर त्याहून जवळ. सायकल घेताना ब्रेक आणि सीटचा नट तिथेच तपासा, खाऱ्या हवेने दोन्ही गंजतात. बेट मुळात शेतीचं, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसवलेलं. नील केंद्राच्या बाजारात ताजी भाजी मिळते. खानावळीत मासा हवा असेल तर सकाळीच सांगून ठेवा, नाहीतर दुपारी डाळ-भात-अंडं यावर भागवावं लागेल. खोली घेताना दोन प्रश्न विचाराच: वीज गेल्यावर पंखा चालतो का, आणि मार्च-एप्रिलमध्ये गोड्या पाण्याची टंचाई होते का.

बोटीत बहुतेकांना त्रास होतो तो खासगी कॅटामरानमध्ये (वेगवान प्रवासी बोटीत), कारण एसी केबिन बंद असते आणि क्षितिज नीट दिसत नाही. मागची, मधली, खालच्या मजल्यावरची जागा मागा. उलटीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. सरकारी बोट हळू जाते, पण डेकवर उभं राहता येतं; उलटीची सवय असलेल्यांना मी तीच सुचवेन. मूळ ओळखपत्र हाताशी ठेवा. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे नीलहून येऊन त्याच दिवशीचं विमान पकडणं. वारा वाढला की बोटी रद्द होतात, तेव्हा शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी. स्कूबा करणार असाल तर शेवटचा डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास ठेवा, २४ असतील तर उत्तम.

पाण्यात रबरी तळाचे, मागून पट्टा असलेले बूट घाला. कमानीकडे जाताना खडक धारदार आणि शेवाळलेला असतो, साधी चप्पल पायातून निसटते. काळ्या काट्यांचा समुद्री साळू किंवा दगडासारखा दिसणारा स्टोनफिश टोचला तर पाय लगेच सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, विषाची कळ कमी होते. त्याच वेळी आरोग्य केंद्रात जायची सोय बघा. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, खाज दुसऱ्या दिवशी सुटते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खोबरेल तेल चोपडलं तर चावे थोडे कमी होऊ शकतात. खारफुटीच्या खाडीत मात्र उतरू नका, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. तिथली पाटी शोभेची नसते.

परतताना पिशव्या एकदा झटका. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो आणि विमानतळावरच्या तपासणीत दिसतो. मुलं बरोबर असतील तर त्यांचे खिसेही बघा.