वुडकट (लाकडाची फळी कोरून, तिला शाई लावून कागदावर छापलेलं चित्र) करणारे चित्रकार आधी चित्र काढून मग नुसतं कोरतात का? आणि एका ब्लॉकच्या, म्हणजे कोरलेल्या फळीच्या, वीस प्रती निघतात तर त्यातली ओरिजिनल कुठली?

दुसरा प्रश्न सोपा आहे म्हणून तो आधी उरकतो. सगळ्याच ओरिजिनल. ब्लॉकवर नुसतं उलटं कोरकाम असतं, चित्र होतं ते शाई कागदावर उतरते तेव्हा. प्रत्येक प्रत हाताने काढलेली असते, खाली पेन्सिलने ५/२० वगैरे लिहितात म्हणजे विसातली पाचवी, आणि वीस झाल्या की बरेच जण ब्लॉकवर आडवा चरा मारून तो बादच करून टाकतात. फोटोवरून मशीनवर छापलेलं पोस्टर ही वेगळी गोष्ट, त्यालाही दुकानदार 'प्रिंट'च म्हणतात म्हणून सगळा घोळ होतो.

आता 'नुसतं कोरतात का'. हा समज अगदीच चूक आहे असं नाही हां. जुन्या जपानी ठशांमध्ये खरंच तसं होतं, चित्रकार चित्र काढून द्यायचा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसे घालणारा प्रकाशक चौथा. मग १९०४ मध्ये यामामोतो कानाए नावाच्या चित्रकाराने एका कोळ्याचं चित्र स्वतःच काढलं, स्वतःच कोरलं, स्वतःच छापलं आणि तिथून तिकडे एक चळवळच सुरू झाली. माझा लाडका मुनाकाता शिको पुढे त्याच वाटेवर आला. आओमोरीच्या लोहाराचा मुलगा, नजर इतकी कमजोर की कोरताना चष्मा जवळजवळ फळीला टेकलेला, त्याचे फोटो बघा, माणूस कोरतोय का फळीचा वास घेतोय कळत नाही. १९५६ ला व्हेनिसच्या बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) प्रिंटसाठीचं मोठं बक्षीस यालाच मिळालं. बुद्धाच्या दहा शिष्यांची त्याची १९३९ ची मालिका आहे, त्यातली माणसं फळीच्या कडांपर्यंत अशी ठासून भरलीयत की वाटतं फळी अजून रुंद असती तर तेही अजून जाडे झाले असते.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी चित्र मुद्दाम अर्धवट ठेवतो. कारण सांगतो. कागदावर पेन्सिलने रेष मारली की ती काळी येते, पण फळीवर व्ही टूलने (व्ही आकाराच्या टोकाच्या कोरणीने) रेष मारली की तिथलं लाकूड निघून जातं आणि छापल्यावर ती रेष पांढरी येते. म्हणजे कागदावरची एक काळी रेष फळीवर हवी असेल तर तिच्या दोन्ही बाजूचं लाकूड काढत बसायचं, आणि असं अख्खं चित्र केलं की महिनाभर मान मोडून शेवटी हातात येतं काय तर पेनने काढल्यासारखं एक मेलेलं चित्र. मग पेननेच काढा की! म्हणून मी फळीला आधी पातळ काळी शाई फासतो, वर खडूने नुसते मोठे आकार टाकतो (उलटे, डावीकडचं उजवीकडे) आणि बाकीचं टूल हातात आल्यावर ठरवतो. काळ्यावर कापलं की उजेड दिसायला लागतो, मग माणसाच्या पाठीवर किती उजेड पाडायचा एवढाच प्रश्न उरतो.

आणि लाकूड गप्प बसत नाही. ग्रेनच्या, म्हणजे लाकडातल्या रेषांच्या, दिशेने टूल सरसर जातं, आडवं गेलं की कडा फाटतात, उलट्या दिशेने गेलं की टोक आत घुसतं आणि तुम्हाला नको असलेला तुकडा निघून येतो. पाइनमध्ये गाठ आली तर तिथे जोर करून उपयोग नाही, मी तर आता फळी घेतानाच गाठ बघतो आणि ती चित्रात कुठे बसेल ते आधी ठरवतो, विहीर, डोळा, ढोपर, काहीही होतं तिचं. नॉर्वेच्या एडवर्ड मुंक या चित्रकाराने तर 'किस'च्या प्रिंटमध्ये ग्रेनच छापलाय, दोन माणसं एक झालेला काळा आकार आणि त्यावरून मागे-पुढे लाकडाच्या उभ्या रेषा. तोच माणूस ब्लॉक करवतीने कापायचा, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग लावायचा आणि परत जोडून एका दाबात छापायचा. आमच्याकडे रंगीत वुडकट म्हटलं की पोरं लगेच तीन-चार ब्लॉक करायला घेतात आणि रजिस्ट्रेशन (एका रंगावर दुसरा नेमका बसणं) जुळत नाही म्हणून रडत बसतात, त्यांना मी हेच दाखवतो.

बाकी रोजचं आयुष्य विचाराल तर त्यात फार काव्य नाही. निम्मा वेळ टूलना धार लावण्यात जातो. शाई काचेवर रोलरने लाटताना बारीक चर्र आवाज यायला लागला की ती तयार झाली, आवाज ओला-चिकट आला तर शाई जास्त आहे, अशीच छापली तर बारीक रेषा बुजणार. पावसाळ्यात ऑइलची शाई वाळता वाळत नाही, प्लाय फुगतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मी छापायच्या भानगडीत पडत नाही, कोरून ठेवतो. प्रेसही लागतेच असं नाही, पातळ कागद असेल तर मागून चमच्याने घासूनही झकास प्रत निघते.

पैसे? कमी. कॅनव्हासला जो भाव येतो तो कागदाला येत नाही, आणि वीस प्रती आहेत म्हटलं की गिऱ्हाईक अजून घासाघीस करतं. पण मला त्या वीस प्रतींचंच आकर्षण आहे. चित्रकार चित्तोप्रसाद घ्या, मूळचे बंगालचे, १९४३ च्या दुष्काळाची चित्रं काढली तर इंग्रजांनी त्यांचं पुस्तक जप्त करून जाळलं, पुढे मुंबईत येऊन ते अंधेरीला राहिले आणि गरिबीत लिनोकट (लाकडाऐवजी लिनोलियम कोरून छापलेली चित्रं), वुडकट करत राहिले. राबणाऱ्या लहान मुलांवरचे त्यांचे लिनोकट मिळाले तर नक्की बघा. लिनो स्वस्त, हातानेच छापता येतो, आणि एकच चित्र बऱ्याच लोकांपर्यंत जातं. अशा विषयाचं चित्र एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून पडण्यात काय अर्थ आहे, हे माझं मत.

करून बघायचं असेल तर सुताराकडून प्लायचा तुकडा आणा, एक व्ही आणि एक यू टूल पुरे, पहिल्या प्रती जुन्या पेपरवर काढा. फक्त फळी धरलेला हात कायम टूलच्या मागे ठेवा, पुढे नको. टूल सटकतं, आणि सटकलं की ब्रेक लागत नाही.