खोकी आली म्हणून लगेच रेकॉर्ड लावू नका

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोथरूड, बिनलिफ्टची इमारत, दुसरा मजला. शनिवारी उभे स्पीकर आणि व्हॉल्व्ह (म्हणजे काचेच्या नळ्या असलेला) अ‍ॅम्प येणार, खोकी कशी उघडायची आणि केबलवर आणखी चाळीस हजार घालायचे का? केबलचं आधी सांगतो: नको. त्यातले थोडे इलेक्ट्रिशियनला द्या आणि अर्थिंग मीटर लावून तपासून घ्या. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायर असेलच असं नाही.

पण टर्नटेबल मेहुण्यांनी अमेरिकेतून आणलंय, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

२००९ साली मीही असंच एक मागवलं होतं. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०, एवढं माहीत होतं म्हणून ट्रान्सफॉर्मर आणला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. रेकॉर्ड लावली तर ख्याल भलताच संथ. मला वाटलं, वा, काय ठेहराव आहे! वडिलांनी पेटी काढून सूर धरला आणि म्हणाले, "अरे, हा काळी एकचा गवई काळी पाचात का गातोय?" झालं होतं असं की ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, पण विजेची सेकंदाची आवर्तनं, म्हणजे हर्ट्‌झ बदलत नाही. त्यातली मोटर विजेच्या हर्ट्‌झवर चालणारी होती. तिकडे ६०, इकडे ५०, त्यामुळे ३३⅓ची तबकडी मिनिटाला पावणेअठ्ठावीसच फेरे घेत होती. सूर पेटीवर तीन पट्ट्या खाली, काळी एकवरून काळी पाचवर. पुढे ५० हर्ट्‌झची पुली, म्हणजे मोटरवरची पट्टा फिरवणारी चकती मिळाली, ती बसवली आणि गवई जागेवर आला. तुमच्या टर्नटेबलची मोटर डीसी असेल तर हा प्रश्न येत नाही. मग योग्य अ‍ॅडाप्टर असला की झालं.

आता खोकी. प्रत्येक स्पीकर पंचवीस-तीस किलोचा असेल, म्हणून जिन्यात दोन माणसं हवीत. वरून हात घालून उपसू नका. झाकणं बाहेर दुमडा, दोघांनी मिळून खोकं उलटं करा आणि खोकंच वर ओढून काढा. स्पीकर जागचा हलत नाही. बहुतेक वेळा झाकणावर तसं चित्रही छापलेलं असतं. जाळी लगेच लावा, कारण ड्रायव्हरच्या (स्पीकरच्या कंप पावणाऱ्या गोल पडद्याच्या) मधल्या घुमटावर घरातल्या लहान मुलांचं बोट गेल्याशिवाय राहत नाही. खोकी आणि थर्माकोल माळ्यावर टाका. घर बदलताना त्यांची किंमत कळते.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला एकच नियम पाळा: आधी स्पीकरच्या तारा, मग वीज. स्पीकर न जोडता चालू करून गाणं सोडलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. व्हॉल्व्ह वेगळे आले असतील तर पिना जुळवून, बुडाशी धरून सरळ दाबा. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा प्लग काढून ठेवायची सवय लावा.

टर्नटेबलवर ऑर्टोफॉन टूएम रेड ही कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) आहे म्हणता, तिला १.८ ग्रॅम वजन लागतं. आधी तबकडी लेव्हलमध्ये आहे ना, ते बघा. मग सुईची टोपी काढा, अँटीस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली खुंटी) शून्यावर आणा आणि काउंटरवेट, म्हणजे मागचं वजन, इतकं फिरवा की सुईचा आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेल. तिथे फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणायची, मग अख्खं वजन फिरवून १.८ करायचं. अँटीस्केटिंगही तेवढंच ठेवा. रेकॉर्ड झिजू नये म्हणून वजन कमी ठेवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तीच खाच खराब करते.

स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घ्या. टाइल्सवर जाड सतरंजी अंथरा. मग तानपुरा ऐका. काळी एकचा खर्ज साधारण ६९ हर्ट्‌झचा असतो. तो घुमून जवारी (तारांचा झणझणीत झंकार) झाकत असेल तर स्पीकर आणखी चार बोटं पुढे ओढा.

तोवर शनिवारची वाट न बघता एक करा. टर्नटेबलच्या खालच्या किंवा मागच्या पट्टीचा, व्होल्ट-हर्ट्‌झ दिसतील असा फोटो टाका. पुली लागेल का ते मी बघून सांगतो.